गुळाचा डबा आणि दोन इंच

तात्या, काल तुमचा दहावा झाला. तुमच्या कळस गावच्या ओढ्याकाठी ऊन तापायच्या आत सगळं उरकलं. पिंडाला कावळा लगेच शिवला, आणि जमलेली माणसं एकमेकांना सांगू लागली की बघा, माणसाची कुठलीच इच्छा मागं राहिली नव्हती. मला हे अजिबात पटलेलं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, काटेवाडीचा ओटा अर्धा राहिलाय, त्यावर बसवायचं ग्रॅनाईट अंगणात भिंतीला टेकून उभं आहे, आणि तुम्ही त्या कावळ्याला पाच मिनिटंसुद्धा ताटकळत ठेवलं नाहीत.

मी रागावलेय, हे आधीच सांगून टाकते. कारण सध्या तुमच्याबद्दल सगळे फार गोड बोलतायत. काल तिथं तीन जणांनी तुम्हाला देवमाणूस म्हटलं. सोळा वर्षं मी आर्किटेक्ट आणि तुम्ही गवंडी म्हणून आपण बारामतीपासून इंदापूरपर्यंत लोकांची स्वयंपाकघरं मोडली आणि बांधली. त्या सोळा वर्षांत तुम्ही कधी सांगितलेल्या वेळेला आला नाहीत. फोन वाजून वाजून बंद पडायचा. ड्रॉइंगच्या आठ घड्या घालून तुम्ही ते शर्टाच्या खिशात कोंबायचा, आणि ते नेमकं घडीवर फाटायचं, म्हणजे जिथं सिंक असायचं तिथंच. देवमाणसाला एक प्लास्टिकचं पाकीट वापरता आलं असतं.

आपली कामं बारकी होती. मोरी बुजवून सिंक बसवा, खिडकी हातभर सरकवा, माळा टाका, ओटा बदला. लोक मोबाईलवर कुठल्यातरी परदेशी बंगल्यातलं स्वयंपाकघर दाखवायचे आणि म्हणायचे, मॅडम, अस्संच पाहिजे. जागा आठ बाय दहा, त्यात देवघर, त्यात पाण्याचं पिंप, त्यात दळणाचे डबे. माझ्याबरोबर पुण्यात शिकलेली मुलं बारा-बारा मजले उभे करत होती, आणि मी फोडणीचा धूर कुठून बाहेर जाईल याचा विचार करत होते. एकदा जंक्शन गावाच्या पुढं चहा पिताना मी वैतागून तुम्हाला म्हटलं होतं, तात्या, माझं सगळं शिक्षण ओट्यातच गेलं. तुम्ही बशीतला चहा संपवलात, मिशी पुसलीत आणि म्हणालात, "बंगल्याच्या पोर्चमदी दिवसभर कोण उभं ऱ्हातं, म्याडम? गाडी." मी हसले, आणि पुन्हा ओट्यांकडं वळले. तेवढ्यापुरते तुमचे आभार मानायला हवे होते, ते राहून गेले.

एरवी तुम्ही मला ताई म्हणायचा. चिडलात की म्याडम, आणि चेष्टा करायची असली तरीही म्याडम. त्यामुळं तुम्ही चिडलाय की चेष्टा करताय, हे मला कधी कळलंच नाही.

आणि तो गूळ. तात्या, सोळा वर्षं मला त्या गुळाची लाज वाटत आली. कुठल्याही घरी काम घ्यायला गेलो, मी टेप काढून भिंती मोजायला लागले, की तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन घरातल्या बाईला म्हणणार, "वहिनी, गुळाचा खडा मिळंल का जरा?" नवं घर, नवी ओळख, मी आर्किटेक्ट म्हणून माझं वजन टाकायच्या खटपटीत, आणि माझा गवंडी गूळ मागतोय. ती बिचारी वरच्या फळीवरचा डबा काढायची. गुळाचा डबा नेहमी वरच असतो, मुंग्यांपासून आणि पोरांपासून लांब. तुम्ही खडा घ्यायचा, खिशात टाकायचा आणि आभाळाकडं बघितल्यासारखं भिंतीकडं बघायचा. गाडीत बसल्यावर मी तुम्हाला झापायचे. एवढा गूळ लागतो तर घरून डबा आणत जा. तुम्हाला शुगर निघाल्यावर तर मी जास्तच बोलले. डॉक्टरांचं नाव काढलं, तुमच्या घरी काकींना सांगेन म्हणाले. तुम्ही मान डोलवायचा. पुढच्या घरी पुन्हा गूळ.

काल दहाव्यानंतर मी काकींजवळ बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तात्यांना गोडाची फारच आवड होती. काकींनी मान वर केली.

"त्यास्नी? च्यात साखर घालत न्हवते पंचवीस वर्सं," त्या म्हणाल्या. "गूळ तर तोंडात धरला न्हाय कदी. पर खिशात खडं सापडायचं बया. धुण्याला मुंग्या लागायच्या. मी इचारलं तर म्हणायचं, कामाचा हाय."

कामाचा हाय. मला काही उलगडा झाला नाही. मला वाटलं गड्यांना वाटत असाल, नाहीतर कुणाच्या गाईला घालत असाल. मी उठले, काकींच्या पाया पडले आणि निघाले. येताना काटेवाडीला थांबायचं होतं, कारण तिथं सगळे खोळंबले होते. तुमच्या जागी बघून ठेवलेला मिस्त्री रोज फोन करतोय, ओटा उतरवायचा की त्यावरच ग्रॅनाईट टाकायचं ते सांगा म्हणून. ग्रॅनाईट एकदा बसलं की विषय संपला. म्हणजे तुमच्या दोन इंचांचा निकाल मला कालच लावायचा होता.

ते दोन इंच मी पुन्हा सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण मला ते एकदा सरळ मांडल्याशिवाय झोप लागणार नाही.

काटेवाडीच्या घरात माणसं तीन. आबा, त्यांचा मुलगा आणि सून सुरेखा. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. ऊस, दहा-बारा जनावरं, गड्यांचं जेवण, सगळा स्वयंपाक एकट्या सुरेखाचा. जुना ओटा फारच बुटका होता म्हणून नवा करायचा ठरलं. मी शहाणपणानं ठरवलं की इथं ठरावीक उंची टाकायची नाही, बाईचं माप घ्यायचं. कोपर जमिनीपासून किती उंच, त्याच्या पाच इंच खाली ओटा. आबा खुर्ची टाकून शेजारीच बसले होते. सुरेखा डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभी राहिली. मी टेप लावला. कोपर सदतीस इंचांवर, म्हणून ओटा बत्तीस. ड्रॉइंगमध्ये मी ते लाल पेननं लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले. मी नुसतं रूढ माप टाकत नाही, माणूस बघून काम करते, असं काहीसं मनात आलं होतं.

तुम्ही ओटा चौतीसवर आणलात.

मला ते कळलंही नसतं. पण आबांनी बाजारातून नवा टेप आणला होता आणि काम सुरू झाल्यापासून तो त्यांच्या खिशातच असायचा. त्या मंगळवारी मी साईटवर गेले तर त्यांनी कडप्प्याला टेप लावून मला दाखवला. "बाई, कागदावर बत्तीस हाय न्हवं? हितं चौतीस भरतंय." सुरेखा चहा घेऊन दारात उभी होती. दोन गडी सिमेंट कालवत होते. आणि मी म्हणाले, "तात्या, ड्रॉइंग वाचता येत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा गवंडी बघते."

तुम्हाला वाचता येत होतं. लाल पेनचा आकडा तर लहान पोरालाही वाचता आला असता. तुम्ही थापी बादलीत धुतलीत, फडक्यानं पुसलीत आणि पिशवीत ठेवलीत. म्हणालात, "मोडायचं तर उद्या मोडू, म्याडम. आज न्हाय."

"कारण सांगा," मी म्हटलं.

"कारण हाय. हितं न्हाय सांगत."

एवढं बोलून तुम्ही पायांत चपला सरकवल्यात. मी समजले, म्हातारा रुसला. बुधवारी तुम्ही आला नाहीत. मी मुद्दाम फोन केला नाही. गुरुवारी मेसेज टाकला, ओटा दोन इंच उतरवून घ्या, बाकीचं नंतर बोलू. तो तुम्ही बघितलाही नाहीत. बुधवारपासून तुमच्या छातीत जळजळत होतं आणि तुम्ही ॲसिडिटी समजून ताक पीत होता, हे मला शुक्रवारी सकाळी कळलं, तुम्ही गेल्याच्या फोनबरोबर. मी रुसवा समजत होते. तात्या, निदान त्या दोन दिवसांत तरी एक फोन करायचा होता. मी केला नाही तो नाहीच केला. पण तुम्ही तरी करायचा.

तर काल काटेवाडी. आबा डेअरीला दूध घालायला गेले होते. सुरेखा एकटीच घरात होती. तुमच्या दहाव्याहून येतेय म्हटल्यावर तिनं डोळ्यांना पदर लावला. मग मी काही विचारायच्या आतच ती हळूच म्हणाली, "बाई, ह्यो मोडणार हाय का तुमी?"

"तुम्हाला कसा हवाय?"

"आसाच ऱ्हाऊ द्या की. जुन्या ओट्यावर भाकरी थापून सांजच्याला कंबर धरायची. ह्याच्यापाशी मी येऊन उभी ऱ्हाती रोज, आबा न्हाय तवा. बरं वाटतं." मग खाली बघत म्हणाली, "पर कागदात दुसरं हाय म्हणं. आबांस्नी मी कसं सांगू?"

दहा दिवस ती बाई त्या ओट्याची वाट बघत होती आणि तिला विचारणारं कुणी नव्हतं. मीही नाही. मी मिस्त्रीला विचारत होते, आबांना विचारत होते, ग्रॅनाईटवाल्याला विचारत होते.

"तात्यांनी तुमचं माप कधी घेतलं?" मी विचारलं.

"न्हाय बा. टेप कदी लावला न्हाय त्यांनी." जरा आठवून ती म्हणाली, "आबा डेअरीला गेलेले, तवा एकदा गूळ मागितला फकस्त. वरच्या फळीवरला डबा काढला मी. तर म्हणले, ऱ्हाऊ द्या, परत ठिवा. मग घडीभरानं पुन्ना काढा म्हणले. मला वाटलं, वयस्कर माणूस, इसरलं आसंल."

"तेव्हा तात्या कुठं उभे होते?"

तिनं बोट दाखवलं, फळीला लागूनच. प्लॅस्टर झालेल्या भिंतीवर, रंग लागायच्या आधीच्या त्या करड्या भिंतीवर, तुमच्या सुतारी पेन्सिलची आडवी रेघ होती. बोटभर लांबीची. मी टेप लावला. एकोणचाळीस.

मी दार लोटून घेतलं. म्हटलं, सुरेखा, पदर असू दे खांद्यावर, इथं कुणी नाही, डबा काढा बरं वरचा. तिनं एक हात वर नेला, टाचा न उचलता, पाठ सरळ. दुसरा हात सैल खाली लोंबत होता. त्याचं कोपर तुमच्या रेघेला बरोबर टेकलं. एकोणचाळीस वजा पाच, चौतीस.

तेवढ्यात बाहेर दुधाची कॅन ठेवल्याचा आवाज झाला. सुरेखानं डबा जागेवर ठेवला, पदर डोक्यावर घेतला, खांदे पुढं आले, मान खाली गेली. सवयीनं, काही विचार न करता. तिला वाकलेलं बघण्यासाठी मला त्या क्षणी टेपची गरज नव्हती. मी भिंतीशी उभं करून मोजलं होतं ते सासऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या सुनेचं माप होतं. दिवसभर स्वयंपाकघरात एकटी राबणारी सुरेखा त्याच्यापेक्षा दोन इंच उंच आहे. हे तुम्ही आबांच्या तोंडावर सांगितलं असतं, तर तिच्या घरातली तिची अदब चव्हाट्यावर आली असती. म्हणून "हितं न्हाय सांगत." आणि मी तुम्हाला त्याच आबांसमोर ड्रॉइंग वाचता येत नाही म्हणाले.

आबा आत आले. मी म्हटलं, "आबा, ओटा आहे तसाच राहील. चूक माझ्या कागदात होती."

आबांनी खिशातला टेप चाचपला. "म्हंजी गवंडी बराबर हुता?"

"हो."

"मग त्याला उगंच बोलला तुमी," आबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्यात काही चुकीचं नव्हतं. मी मिस्त्रीला तिथूनच फोन लावला, उद्याच ग्रॅनाईट बसवून टाका म्हणून. सुरेखा चुलीकडं तोंड करून उभी होती, तिचं तोंड मला दिसलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, आता बाई रडेल आणि माफी मागेल. माफी मागते. तुम्हाला बोलले ते चुकलं, आणि चार माणसांत बोलले ते जास्त चुकलं. पण तात्या, माझा राग त्यानं कमी झालेला नाही, वाढलाय. सोळा वर्षं तुम्ही गूळ मागत होता आणि मी तुम्हाला झापत होते. गाडीत शेजारी बसून, एका तासाच्या रस्त्यात, तुम्हाला एकदाही म्हणता आलं नाही, की ताई, गूळ खायला नाही मागत, बाई सरळ उभी राहावी म्हणून मागतो? मी काय तुम्हाला खाल्लं असतं? मी बाई आहे. मला हे आधी दिसायला हवं होतं, आणि ते तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही ते मला शिकवलं नाहीत. लोक मला सांगायचे, मॅडम, तुमच्या ओट्याला कंबर दुखत नाही. मी हसून म्हणायचे, त्याचं एक शास्त्र असतं. तुम्ही तिथंच उभे असायचा, सिमेंटचे हात झटकत. आता कुठल्या घरात माझं ड्रॉइंग आहे आणि कुठल्या घरात तुमचा गूळ, ते मी कुणाला विचारू?

काल घरी गेले आणि पर्स खाली ठेवायच्या आधी माझाच ओटा मोजला. नऊ वर्षांपूर्वी तो तुम्हीच बांधलात. माझ्या ड्रॉइंगात चौतीस होता, ते मला पाठ आहे. टेपवर पस्तीस भरला. नऊ वर्षं मी त्या ओट्यावर पोळ्या लाटल्या, डबे भरले, आणि मला एक इंचानं काही समजलं नाही, कारण कुठं दुखलंच नाही. मग आठवलं, आमच्याकडंही तुम्ही गूळ मागितला होता, आणि मी डबा काढता काढता म्हटलं होतं, आता माझ्या घरी पण का, तात्या? आणि त्याच्याही आधीचं आठवलं. ड्रॉइंगसाठी मी माझं माप घेतलं तेव्हा टेपचं खालचं टोक सासूबाईंनी धरलं होतं. मी तेव्हा वाकले होते का? मला खरंच आठवत नाही. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही एक इंच वाढवून गप्प बसलात.

आज सकाळी इंदापूरला नवीन काम बघायला गेले. तुमच्याशिवायचं पहिलं. नवराबायको, आणि सासरे सोफ्यावर पेपर वाचत बसलेले. बायकोनं चहा आणला आणि डोक्यावरचा पदर सावरून बाजूला उभी राहिली. मी टेप काढला आणि परत पर्समध्ये टाकला. तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. तात्या, मला किती अवघड गेलं सांगू, अनोळखी घरात असं काही मागायचं म्हणजे. तरी मागितला. म्हटलं, गुळाचा खडा मिळेल का जरा?

"हो की," ती म्हणाली, आणि ओट्याखालची ट्रॉली ओढली. सगळ्यात खालची, जमिनीलगतची. अशाच ट्रॉल्या सगळ्यांना बसवा, डबे हाताशी येतात, असं मीच गेली आठ वर्षं लोकांना सांगत आलेय. तिनं कंबरेत वाकून गुळाच्या पावडरचं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

मी दोन चिमटी गूळ हातावर घेऊन तिथं उभी होते. तात्या, आता हिच्याकडं काय मागू, तेवढं तरी सांगून जायचं होतं.